साडेतीनची बॅच: भूगोलाच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण 2023-24 या शैक्षणिक वर्षातलं, सांगलीतल्या एका अनुदानित महाविद्यालयातलं. मी तिथे भूगोल शिकवते आणि दिव्यांग विद्यार्थी कक्षाचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे दर जूनमध्ये समित्यांची यादी निघते आणि त्यात माझ्या नावापुढे ते लिहिलेलं असतं. विद्यार्थिनीचं नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तिला इथे ऋतुजा म्हणू. तिच्या वर्गात खऱ्या ऋतुजा दोन होत्या, ही त्यातली नव्हे. लिहिण्यासाठी तिची परवानगी घेतली आहे. पहिल्या मसुद्यातला एक परिच्छेद तिने काढायला लावला, तो काढला आहे.

पार्श्वभूमी

ऋतुजा तासगाव तालुक्यातून एसटीने यायची. घरची थोडी द्राक्षबाग, वडील बागेत, आई बागेत आणि घरात, धाकटा भाऊ नववीत. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारायचं आम्हाला सुचलंही उशिराच.

पहिली दोन वर्षं तिच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. ती शेवटच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारला तर नीट उत्तर द्यायची, वह्या स्वच्छ. तिसऱ्या वर्षी तिने भूगोल विशेष घेतला. मग टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा), समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), छेद काढणं (त्या रेषांवरून जमिनीचा उभा काप आखणं), जर्नल, अभ्यास सहल हे सगळं आलं. प्रात्यक्षिकाच्या दोन बॅच होत्या. अ बॅच साडेअकरा ते दीड, ब बॅच साडेतीन ते साडेपाच. हजेरी क्रमांकाप्रमाणे मुलं वाटली आणि ऋतुजा ब बॅचमध्ये गेली.

जुलै ते सप्टेंबर ती नियमित आली. ऑक्टोबरच्या मध्यापासून प्रात्यक्षिकाला गैरहजर राहू लागली. सकाळच्या तासांना मात्र हजर. दिवाळीनंतर तर ब बॅचला ती फिरकलीच नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 75 टक्के हजेरी न भरलेल्यांची यादी फलकावर लागली. तिचं नाव त्यात दुसरं होतं.

अडचण, जशी आम्हाला दिसली

आमच्या दृष्टीने प्रकरण सरळ होतं. मुलगी सकाळी येते, दुपारी जाते, म्हणजे दुपारी तिला दुसरं काहीतरी आहे. स्टाफरूममध्ये यावर जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. वीस वर्षांची मुलगी दुपारनंतर दिसत नसेल तर स्टाफरूममध्ये काय बोललं जातं हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

आणखी दोन गोष्टी तिच्या विरोधात जात होत्या. ती फिरताना स्टुलाला, बाकाच्या कोपऱ्याला धडकायची, पण मोबाइलवरची बारीक अक्षरं सहज वाचायची. आणि समोरून येणाऱ्या शिक्षकांना नमस्कार करायची, पण बाजूने गेलेल्यांना ओळख द्यायची नाही. 'शिष्ट आहे' हे एका सहकाऱ्याचं मत, 'लक्ष नसतं' हे माझं.

यादी लागल्यावर ठरलेल्या रिवाजाप्रमाणे घरी फोन गेला. फोन मीच केला. वडिलांना सांगितलं की मुलगी प्रात्यक्षिकाला बसत नाही, परीक्षेला बसू देणं अवघड होईल. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग राहू द्या मॅडम. बसू दे घरात." पुढचे आठ दिवस ती आलीच नाही.

अडचण, जशी ती होती

उलगडा आमच्यातल्या कुणी केला नाही, प्रयोगशाळेतल्या मामांनी केला. मामा पंचवीस-तीस वर्षं शिपाई आहेत, आम्हा सगळ्यांना चहा तेच देतात. ते म्हणाले, "मॅडम, त्या पोरीला बाजूनं कप धरला तर कळत न्हाई. समोर धरला की लगेच घेती. आणि जिना उतरताना पायऱ्या मोजती, मी ऐकलंय."

मी तिच्या मैत्रिणीकडून निरोप पाठवला आणि तिला सकाळी दहाला, एकटीला, बोलावलं. हजेरीचा विषय न काढता विचारलं की साडेपाचला सुटल्यावर घरी कशी पोचतेस. ती बराच वेळ टेबलाकडे बघत होती. मग सांगितलं ते असं.

सहाच्या आसपासची एसटी मिळते. फाट्यावर उतरायचं, तिथून वस्तीपर्यंत किलोमीटरभर बागांमधली वाट. ऑगस्टमध्ये उजेड असतो. दिवाळीनंतर आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, फाट्यावर उतरेपर्यंत पूर्ण अंधार. त्या अंधारात तिला काहीच दिसत नाही. थोडं नाही, काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये एकदा ती चारीत पडली होती. घरी 'पाय घसरला' असं सांगितलं. उजेडात समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तसं, तेवढंच. "मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. आठवीत कळलं की नाही." तिच्या एका आत्यालाही संध्याकाळी दिसत नसे. घरात त्या आत्याला वेंधळी म्हणत.

वैद्यकीय भाग थोडक्यात. नंतर झालेलं निदान रेटिनायटिस पिगमेंटोसा. हा आनुवंशिक आजार आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी निकामी होतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग दृष्टीचा घेर कडेने आक्रसत जातो. मधली नजर पुष्कळदा बरीच वर्षं शाबूत राहते. म्हणून असा माणूस बारीक अक्षर वाचतो आणि पायाशी ठेवलेल्या बादलीला अडखळतो. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही रातांधळेपणा येतो आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. हा तसा नव्हे. गाजरं खाऊन काही होत नाही, आणि ऋतुजाने गाजरं खूप खाल्ली होती.

समोर असलेले पर्याय

विभागात तिघे बसलो. तीन वाटा निघाल्या.

विभागप्रमुखांचं म्हणणं, तिने नियमित शिक्षण सोडून बहिःस्थ म्हणून परीक्षा द्यावी. ते हे तिच्या भल्यासाठीच म्हणत होते, याबद्दल मला शंका नाही. पण प्रात्यक्षिक असलेला विषय घेऊन ते जमणार नव्हतं. म्हणजे भूगोल सोडायचा, वर्ष वाया घालवायचं आणि पुन्हा दुसऱ्या विषयाने सुरुवात करायची.

दुसरी वाट कार्यालयाची: आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा, मग कोणती सवलत द्यायची ते बघू. ही वाट सुरक्षित वाटते, कारण तिच्यात निर्णय आपल्याला घ्यावा लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे तिला अ बॅचमध्ये घेणं. याला कागद लागत नव्हता, पैसे लागत नव्हते. वेळापत्रकात एक नाव इकडचं तिकडे. तरीही यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण 'एकीला बदलून दिलं तर सगळे मागतील'. शेवटी मी एवढंच विचारलं, की सगळ्यांनी मागितलं तर काय होईल? अ बॅचमध्ये ट्रेसिंग टेबलं कमी पडतील, हे उत्तर आलं. मग एकीला दिलं तर किती कमी पडतील? ते झालं.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा आधार इथे उपयोगी पडला, पण जरा वेगळ्या अंगाने. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या गोष्टींसाठी आहे. त्या कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्केवारीवर उभी नाही, ती दीर्घकालीन कमतरता आणि समाजातले अडथळे यांच्या एकत्र परिणामावर उभी आहे. आणि वाजवी सोय नाकारणं हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाच्या, म्हणजे परीक्षेत सांगितलेली उत्तरं लिहून देणाऱ्याच्या, बाबतीतही हेच धरलं, की 40 टक्के नाहीत म्हणून ती सोय नाकारता येणार नाही. हे प्राचार्यांना एका पानावर लिहून दिलं. त्यांनी सही केली. मला वाटतं, कायद्यापेक्षा एका पानावर होतं म्हणून केली.

प्रमाणपत्राचा पेच

बॅच बदलली, ती परत येऊ लागली. पण विद्यापीठाच्या परीक्षेत जादा वेळ हवा तर कागद लागणारच होता. पहिल्या सत्राच्या परीक्षेत तिचा एका पेपरात शेवटचा मोठा प्रश्न राहिला होता. उत्तर येत होतं, वेळ संपला.

वडिलांना भेटायला मी आणि एक सहकारी गेलो. फोनवर झालेली चूक फोनवर निस्तरत नाही. त्यांनी चहा दिला, बाग दाखवली, छाटणीपासूनचा खर्च सांगितला आणि मग म्हणाले, "मॅडम, कागद काढला की ते गावभर होतंय. पोरीचं लग्न व्हायचंय. उद्या पाहुणे विचारणार, कशाला पाहिजे होता दाखला?" आई आतून म्हणाली, "तिच्या आत्याचं काय झालं ते बघितलंय आम्ही."

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लपवून लग्न करून देणं चूक आहे हे मी म्हणू शकत होते, पण लग्न मोडलं तर ते माझ्या घरातलं मोडणार नव्हतं. मी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. मुलगी सज्ञान आहे, अर्ज तिच्या सहीने होतो. आणि कॉलेजात हा कागद माझ्याकडे बंद पाकिटात राहील, फलकावर काही लागणार नाही. (फलकावर नाव लावणारे आम्हीच, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.)

निर्णय ऋतुजाने घेतला, आणि तो घ्यायला तिला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी तिला दोनदा आठवण केली. ती दुसरी आठवण करायला नको होती.

यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांसाठी, ऑनलाइन अर्ज झाला. पहिल्या तपासणीत अक्षरांच्या तक्त्यावर नजर बघितली, ती 6/12 निघाली (साध्या नजरेला 12 मीटरवरून वाचता येतं ते तिला 6 मीटरवरून), आणि 'टक्केवारीत बसत नाही' असं तोंडी सांगून तिला परत पाठवलं. ती रडत नव्हती, उलट सुटल्यासारखी होती. घोळ असा की कायद्याच्या परिशिष्टात अल्पदृष्टीची व्याख्या दोन प्रकारे आहे. एक नजरेच्या तीव्रतेची: चांगल्या डोळ्याला उत्तम चष्मा लावूनही 6/18 किंवा त्याहून कमी, 3/60 पर्यंत. दुसरी घेराची: दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी, 10 अंशांपर्यंत. तिचा घेर कुणी मोजलाच नव्हता. मिरजेत एका नेत्रतज्ज्ञांकडे पेरिमेट्री, म्हणजे ज्याला सगळे फील्ड टेस्ट म्हणतात ती, करून घेतली. दोन्ही डोळ्यांचा घेर 20 अंशांच्या आत आला. तो अहवाल घेऊन ती पुन्हा गेली आणि प्रमाणपत्र मिळालं. यात फेब्रुवारी संपला.

मदत करताना झालेल्या चुका

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कागदाच्या गोष्टी कुठेही वाचायला मिळतात.

पहिली चूक बाकाची. दृष्टिदोष म्हटल्यावर मी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं. आठवडाभर ती बसली. मग विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इथून फळ्याचा एकच तुकडा दिसतो. मागून सगळा फळा बसतो." नळीतून बघणाऱ्याला लांबून जास्त दिसतं. शेवटचा बाक हा तिने स्वतः शोधलेला उपाय होता आणि आम्ही तो सोय म्हणून काढून घेतला.

दुसरी चूक मोठ्या अक्षरांची. सांगली ज्या 47 एल/9 क्रमांकाच्या टोपोशीटमध्ये येते तिच्या भागांच्या मोठ्या झेरॉक्स काढल्या, मोठ्या हौसेने. तिचा वेग निम्म्यावर आला. नजर तीव्र आणि घेर लहान असेल तर मोठं केल्यावर घेरात कमी मावतं. शिवाय काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तपकिरी समोच्च रेषा, निळी नदी, सगळं एकाच करड्या रंगाचं झालं. तिला आकार नको होता, ठळकपणा हवा होता. मग मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून, 20 मीटरच्या अंतराने जाणाऱ्या रेषांपैकी दर पाचवी, म्हणजे 100 मीटरची जाड रेषा, काळ्या शाईने गिरवली. एवढा सांगाडा हाती आला की मधल्या रेषा ती मोजून शोधायची. हे गिरवायचं काम तिच्या मैत्रिणीने केलं आणि मैत्रिणीलाही समोच्च रेषा प्रथमच नीट कळल्या, असं तीच म्हणाली.

तिसरी चूक लेखनिकाची. प्रमाणपत्र आलं की कार्यालयात एकच शब्द उच्चारला जातो: लेखनिक. आम्ही अकरावीतली एक मुलगी बसवून सरावपरीक्षा घेतली. छेद काढायच्या प्रश्नाला ऋतुजाने आलेखाचा कागद तिच्याकडे दिला आणि पाच मिनिटांनी परत घेतला. हाताने काढायची गोष्ट तोंडाने कशी सांगणार? तिला लिहिता येत होतं. वेळ जात होता तो प्रश्नपत्रिकेवरून उत्तरपत्रिकेवर आणि परत येताना ओळ हरवण्यात. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडली, ती प्रश्नपत्रिकेवर सरकवत न्यायची. बाजूला टेबलदिवा, पण उजेड डोळ्यावर न येणारा. आणि जादा वेळ. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. लेखनिक न घेता फक्त जादा वेळ घेता येतो हे कार्यालयाला पटवायला दोन फेऱ्या झाल्या, कारण अर्जाच्या नमुन्यात दोन्ही एकत्र छापलेलं होतं.

जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारला. मामांनी स्टुलं टेबलाखाली सरकवायचा नियम केला आणि तो आमच्यापेक्षा कडक पाळून घेतला. पांढरी काठी तिने नको म्हटली. आता घडीची काठी पिशवीत असते, सांगलीच्या स्टँडवर उघडते, फाट्यावर उतरायच्या आधी मिटते.

निष्पत्ती

दुसऱ्या सत्राचे सगळे पेपर तिने पूर्ण सोडवले. पहिल्या सत्रातला तो पेपर जेमतेम सुटलेला आहे आणि गुणपत्रिकेत तो तसाच राहील. हजेरीची तूट प्राचार्यांच्या अधिकारात माफ झाली. एम.ए.ला प्रवेश घेतला आहे, भूगोलातच.

मे महिन्यात वडील न कळवता कॉलेजात आले. बरोबर नववीतला मुलगा होता. "याचंबी ते फील्डचं करून घ्यायचं होतं. पत्ता द्या." मुलाचा घेर कमी निघाला, बहिणीइतका नाही. त्याच्या शाळेला अजून सांगितलेलं नाही. लग्नाचा विषय जिथे होता तिथेच आहे.

आज वेगळं काय केलं असतं

फोन. यादी लागण्याआधी मुलीशी बोलायला हवं होतं, आणि घरी फोन करायचाच तर तिला विचारून. हा निर्णय एका मिनिटात, सवयीने घेतला गेला आणि या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होता होता राहिलं.

वेळापत्रक. आता जुलैमध्ये बॅच पाडताना मी मुलांना दोनच प्रश्न विचारते: कुठून येता, आणि घरी पोचेपर्यंत अंधार पडतो का. आजार विचारत नाही. ब बॅच अजून साडेतीनलाच आहे, कारण खोल्या तेवढ्याच आहेत.

आणि दंडोबाचा डोंगर. जानेवारीत आमची अभ्यास सहल तिथे गेली. चढ, दगड, पडली तर जबाबदारी कुणाची, असं सगळं बोलून आम्ही तिला 'सूट' दिली. घरी बसून अहवाल लिही, गुण पूर्ण देतो. तिने मान हलवली आणि अहवाल लिहिला, चांगला लिहिला. त्या अहवालात मैत्रिणींनी काढलेले फोटो चिकटवलेले होते. निकालानंतर बोलताना मी सहज विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, लख्ख ऊन आणि लांबचं बघायचं, तेवढंच तर मला नीट दिसतं." पहिल्या बाकाची चूक कळल्यावरसुद्धा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जूनच्या एका रविवारी ती दोन मैत्रिणींबरोबर दंडोबाला जाऊन आली. सकाळच्या एसटीने गेल्या. चढताना एक पुढे, एक मागे. वर तासभर बसल्या, तिने सोबत नेलेल्या नकाशावर खालची गावं आणि ओढे जुळवले, त्यातला एक ओढा तिला नकाशात सापडला नाही. दुपारी एकच्या आत त्या खाली होत्या.